चाकाचं धनुष्य

रविवार पेठ, कोल्हापूर
ता. ११ नोव्हेंबर १९८३

दिलदारभाई यांस,

मदिनाभाभीचा सलाम. नऊ वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामापुरतं, याची लाज वाटते. पण काम अडलंय. तुमचे भाई शेजारी बसून सांगतायत, मी लिहून घेतेय.

तुम्ही एक्क्याऐंशी साली अमेरिकेहून एका पाहुण्याच्या हाती पाठवलेलं चाकाचं धनुष्य आता कुरकुरायला लागलंय. दोन्ही टोकांना जी चाकं आहेत, त्यांतल्या खालच्या चाकाचं भोक झिजून लांबट झालंय. चाकावरून जाणारी पोलादी तार एका जागी उसवलीय, दोन-तीन काड्या बाहेर आल्यात. हात लावला की टोचतात. धनुष्य चांगलंच आहे. अर्ध्यापर्यंत ओढायला जड जातं आणि पुढं एकदम हलकं होतं, त्यामुळं तुमच्या भाईंचा हात नेम धरताना थरथरत नाही. सर्कस सोडल्यापासून शाळांमधून, जत्रांमधून जे खेळ ते करतात, ते गेली दोन वर्षं याच धनुष्यावर चाललेत.

सोबत आलेले कागद आम्ही कॉलेजातल्या एका मास्तरांकडून वाचून घेतले. त्यात लिहिलंय की खरेदीपासून तीन वर्षं चाकं, तारा आणि पाती (धनुष्याचे वाकणारे दोन हात) यांची गॅरंटी आहे, बिघाड झाला तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते किंवा बदलून देते. पण मागणी ज्यानं धनुष्य विकत घेतलं त्यानंच करायची. कार्डावर नाव तुमचं आणि कार्डही तुमच्याकडेच. येत्या एप्रिलात मुदत संपते.

अठ्ठावीस जानेवारीला साखर कारखान्याचा वर्धापनदिन आहे. तिथं भाईंचा खेळ ठरलाय. त्याआधी कंपनीनं नवी चाकं पाठवली तर बरं होईल, असं ते सांगतायत.

झालंगेलं काही लिहायचं नाही असंही सांगतायत, म्हणून लिहीत नाही.

तुमची भाभी,
मदिना

ता. क. हे उठून आत गेलेत. कडेला जागा आहे तेवढ्यात लिहिते. हल्ली खेळात बाणासमोर फुगा आपली मलिका धरते. बारा वर्षांची झालीय.


ता. ९ डिसेंबर १९८३

दिलदारभाई यांस,

सलाम. तुमचं पत्र परवा पोचलं. भाईंना मी त्यातला अर्धाच मजकूर वाचून दाखवला. कंपनी जुने भाग हातात आल्याशिवाय नवे देत नाही, दोन्ही पाती चाकांसकट, तारांसकट पार्सलनं तुमच्याकडं पाठवायची, तुम्ही कार्ड जोडून त्यांच्याकडं देणार, इतकं वाचलं. शेवटची ओळ वाचली नाही. 'मलिका फुगा कुठं धरते?' असं तुम्ही विचारलंय.

त्याचं उत्तर देते. आजवर हातभर काठीच्या टोकाला धरायची. कारखान्याच्या खेळात गालाजवळ धरणार आहे. सर्कशीत शेवटी जो खेळ व्हायचा, तोच. कारखान्याच्या लोकांनी तो पूर्वी पाहिलाय आणि त्यांना तोच हवाय.

पार्सल पाठवायला भाई तयार नाहीत. जायला महिना, यायला महिना, जानेवारी हातचा गेला म्हणतात. त्यांनी उद्यमनगरात जोतीराम लेथवाल्याकडं चाक नेलं. जोतीराम आमच्याच गल्लीतले, भाईंचे तालमीपासूनचे दोस्त. त्यांनी झिजलेल्या भोकात पितळेचं बुश, म्हणजे कडं, करून बसवलं. तारेला मात्र हात लावला नाही. ह्या जातीची तार इथं मिळत न्हाय आणि दुसरी मी घालणार न्हाय, असं सरळ सांगितलं त्यांनी.

बुश बसवल्यावर कुरकुर थांबली. भाई खूश झाले. मग मैदानात फळी लावून सरावाला उभे राहिले आणि बाण मधल्या ठिपक्यापासून चार बोटं डावीकडं गेला. दुसराही तिथंच. तिसरा पाच बोटं. वारा आहे म्हणाले. मैदानाच्या कडेला कपडे वाळत होते, एकसुद्धा हलत नव्हता. नंतर म्हणाले, चाकच बेकार आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच जोतीरामभाऊंकडं गेले. ते लेथ बंद करून बाहेर आले. म्हणाले, "वैनी, चाक झिजलंय ते केसाएवढं. बाण जातोय चार बोटं. एवढा फरक काय चाकानं पडत न्हाय."

मी विचारलं, मग कशानं? ते हात पुसत राहिले.

तेव्हापासून मी भाईंकडं नीट बघायला लागलेय, आणि जे दिसतंय ते कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या ते दर दोन दिवसांनी लवंडतात आणि इथं कुणी ठेवला म्हणून माझ्यावर ओरडतात. रस्त्यात डावीकडून ओळखीचा माणूस आला तर ओळख देत नाहीत. लोकांना वाटतं, चमन उस्ताद गर्वानं फुगलाय. मी एकदा डोळे दाखवा म्हटलं तर जेवत्या ताटावरून उठले.

मलिकाला काही वाटत नाही. मला याचीच जास्त भीती वाटते. शाळेत मैत्रिणींना गाल दाखवते, इथं फुगा असणार म्हणून. मी तिला म्हटलं, नको म्हण गं आब्बांना. तर म्हणाली, "आब्बा कधी चुकत न्हाईत, आम्मा."

यापुढचं पत्र जोतीरामभाऊंच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

मदिना


ता. २७ डिसेंबर १९८३

दिलदार,

लग्न होऊन घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी तुला अरेतुरे करायची. आजच्या पत्रापुरतं तसंच लिहिते. अहोजाहो करून हे लिहायला जमणार नाही.

पाती आणि चाकं मी पाठवून दिली. मागच्या सोमवारी हे मलिकाला घेऊन कारखान्याची जागा बघायला गेले, तेव्हा जोतीरामभाऊ घरी आले. त्यांनी धनुष्य शिकंज्यात धरून तारा सैल केल्या, पाती सोडवली, पितळेचं बुश काढून टाकलं. कंपनीनं बाहेरचा हात लागलेला पाहिला तर गॅरंटी नाकारतील म्हणाले. लाकडी पेटी करून दिली. मी ती मोठ्या पोस्टात नेली. माझे वडील मलकापुरात जन्मभर पोस्टमन होते, पण मी परदेशाचं पार्सल कधी केलं नव्हतं. आत काय आहे विचारलं तर मी 'खेळाचं सामान, दुरुस्तीसाठी' असं लिहून दिलं. बाबूनं शिक्का मारला. वाटलं, आता अठ्ठावीस तारखेला खेळ होणार नाही. धनुष्यच नाही तर खेळ कसला.

रात्री सांगण्यापेक्षा ते आल्या आल्याच सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील, कदाचित हातही उचलतील. त्यांनी फक्त विचारलं, "पोचायला किती दिवस लागत्यात?" मी म्हटलं, महिना. त्यांनी मान हलवली, शिडी लावली आणि माळ्यावरून सर्कशीतलं जुनं बांबूचं धनुष्य खाली काढलं.

दिलदार, ते धनुष्य घरात आहे हे मला माहीत नव्हतं. बेळगावलाच मोडून टाकलं असं मला सांगितलं होतं. आता ते रोज अंगणात बसून त्याला तेल लावतात. नवी दोरी वळलीय. ते ओढायला शेवटपर्यंत जड आहे आणि यांचा हात थरथरतो. चाकाच्या धनुष्यानं निदान हात तरी स्थिर राहत होता. तेवढाही आधार मीच काढून अमेरिकेला पाठवला. मी पोरीला वाचवायला गेले आणि तिला आणखी पुढं ढकललं.

आता बेळगावचं लिहिते. खेळ दुपारचा होता. दोरीला मेण लावायचं काम माझं असायचं, तुला आठवत असेल. त्या दिवशी सकाळी मेण लावताना दोरीचे तीन पदर तुटलेले मला दिसले. मी यांना दाखवलं. नवी दोरी तयार नव्हती. हे म्हणाले, आजचा खेळ होऊ दे. मी गप्प बसले. दुपारी तू गालाजवळ फुगा धरून उभा होतास, दोरी तुटली, बाण वाकडा सुटला आणि तुझा डोळा गेला. तंबूत मॅनेजरनं विचारलं तेव्हा यांनी सांगितलं, पोरगा हलला. मग मॅनेजरनं मला विचारलं. मलिका माझ्या कडेवर होती, तीन वर्षांची. खरं सांगितलं तर तिघांनाही त्याच दिवशी तंबूबाहेर काढतील, एवढंच मला दिसत होतं. मी म्हटलं, हो, हलला.

तू आत खाटेवर होतास. कापडी पडद्याच्या पलीकडं. तू ऐकलं असशील की नाही, याचा विचार मी नऊ वर्षं करतेय.

आता सगळं तसंच चाललंय. फक्त खाटेवर तुझ्याजागी मला मलिका दिसते. डोळे मिटले तरी दिसते. मी काय करू ते कळव. पत्र वेळेत पोचणार नाही हे मला कळतंय, तरी लिहितेय.

मदिना


ता. ३१ जानेवारी १९८४

दिलदार,

मलिका सुखरूप आहे. आधी हे वाच आणि मग पुढचं.

सत्तावीस तारखेला ताजबी, तुमची थोरली बहीण, नेसरीहून आली होती. तिला मी सगळं सांगितलं. अठ्ठावीसला सकाळी हे सामान घेऊन कारखान्याच्या गाडीतून पुढं गेले. मलिकाला घेऊन दुपारी येते असं मी सांगितलं. ते गेल्यावर ताजबीनं मलिकाला नेसरीच्या एस.टी.त बसवलं. पोरगी रडली, मला नाही नाही ते बोलली. मी हारतुऱ्यांची पिशवी घेऊन एकटी कारखान्यावर गेले.

मी काय ठरवलं होतं ते सांगते. मलिका आली नाही असं आधीच सांगितलं असतं तर यांनी गर्दीतलं कुणाचं तरी पोर उभं केलं असतं. जत्रेत असं पूर्वी केलंय त्यांनी. म्हणून मी ठरवलं की आयत्या वेळी आपणच उभं राहायचं. समोर मी दिसले की ते थांबतील. चिडतील, पण थांबतील. बायकोला उभं करून खेळ करणारा माणूस तो नाही.

चारला खेळ सुरू झाला. ऊन स्वच्छ होतं. हे मैदानाच्या त्या टोकाला, जरीचा फेटा बांधून. आधी फळीवर तीन बाण मारले. लांबून लोकांना काही कळलं नाही, टाळ्या वाजल्या. मी जवळ होते. ठिपक्याच्या आसपासही नव्हते.

मग कर्ण्यावरून पुकारलं, आता कुमारी मलिका गालाजवळ फुगा धरून उभी राहील. मी तंबूतून बाहेर आले. अंगावर रोजची हिरवी साडी, डोक्यावर पदर. पंधरा पावलांवर खूण केली होती तिथं उभी राहिले. फुगा गालाजवळ धरला. पुढच्या रांगेतले लोक कुजबुजायला लागले, दोघं-तिघं हसलेसुद्धा, पोरगी सांगून बाई कशी आली म्हणून. यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

मी त्यांच्याकडं सरळ बघत होते. ते माझ्याकडं बघत होते. आता धनुष्य खाली करतील, आता करतील, असं वाटत होतं. त्यांनी बाण लावला. मला वाटलं, राग आलाय, मला घाबरवतायत. त्यांनी दोरी ओढली. हाताला कंप होता, बाणाचं टोक वर-खाली होत होतं.

आणि ते म्हणाले, "घाबरू नको पोरी. हनवटी वर कर."

दिलदार, तेव्हा मला कळलं. पंधरा पावलांवर, लख्ख उन्हात, मी माझ्या नवऱ्याला दिसत नव्हते. त्याला समोर काहीतरी उभं आहे एवढंच दिसत होतं. आणि इतके दिवस तो तेवढ्यावर पोरीच्या अंगावर बाण सोडत होता.

मला हलता येईना. हलले तर सुटेल असं वाटलं. बाण अजून ओढलेलाच. मग कसंतरी बोलले. "मलिका नेसरीला हाय. मी मदिना हाय."

ते तसेच उभे राहिले. मान जरा तिरकी केली, उजव्या डोळ्यानं मला शोधल्यासारखी. मग दोरी हळूहळू जागेवर परत आणली. बाण न सुटता. तेवढं मात्र उस्तादासारखं केलं. आणि जिथं होते तिथंच खाली मातीत बसले. मी फुगा हातात घेऊन चालत त्यांच्याकडं गेले. पंधरा पावलं चालायला मला फार वेळ लागला. जवळ गेल्यावर त्यांनी माझ्या पदराला हात लावून बघितला.

"कवापासून ठावं हाय तुला?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, आत्तापासून.

कर्ण्यावरून धनुष्य नादुरुस्त झाल्याचं सांगितलं आणि लेझीमवाल्या पोरांना मैदानात सोडलं. आम्ही कारखान्याच्या गाडीनं घरी आलो. घरी आल्यावर स्वतःहून म्हणाले, दीड वर्ष झालं. आधी कडेनं अंधारलं. मग डाव्या डोळ्यानं दिसायचंच थांबलं, आता उजव्यानंही नीट दिसत नाही. हे कळलं तर कुणी खेळ देणार नाही म्हणून मलासुद्धा सांगितलं नाही.

मी त्या रात्री झोपले नाही. खेळ संपला होता, पोर लांब सुरक्षित होती, तरीही.

मदिना


ता. २२ मार्च १९८४

दिलदारभाई,

तुमची दोन्ही पत्रं जोतीरामभाऊंनी आणून दिली. पहिल्यात तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. तुम्ही पडद्याआडून सगळं ऐकलं होतं, आणि धनुष्य म्हणूनच पाठवलं होतं, की पुढं कुणी समोर उभं राहिलं तर भाईंचा हात तरी थरथरू नये. त्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. तुम्ही माफ केलं असं कुठं लिहिलेलं नाही. मीही तसं मागत नाही.

पार्सल आजच सोडवून आणलं. कंपनीनं दोन्ही चाकं, तारा आणि दोन्ही पाती नवी दिलीत, गॅरंटीत, काही न घेता. सोबतचा कागद कॉलेजातल्या मास्तरांनी वाचून दाखवला. चाकाची झीज किरकोळ होती म्हणतात. पण खालच्या पात्याला आतून उभी चीर होती. बाहेरून दिसत नव्हती. आणखी काही वेळा ओढलं असतं तर पातं फुटून ओढणाऱ्याच्या तोंडावर आलं असतं. हे ऐकून मी मास्तरांच्या पायरीवरच बसले. सरावाच्या वेळी मलिकासुद्धा ते धनुष्य ओढायची. रोज पंचवीस-तीस वेळा.

आता डोळ्यांचं. आम्ही मिरजेला जाऊन आलो. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, तो येत नाही. उजव्यात थोडं उरलंय, तेवढं टिकावं म्हणून येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. टिकेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ते प्रयत्न करू म्हणाले. भाई बाकावर बसून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. त्यांनी माझा हात धरला तो एस.टी.त बसेपर्यंत सोडला नाही.

जुनं बांबूचं धनुष्य त्यांनी स्वतः कुऱ्हाडीनं तोडलं. या वेळी मी समोर उभी होते. मलिका अजून माझ्याशी नीट बोलत नाही. नेसरीला पाठवल्याचा राग आहे. असू दे.

आज पार्सल उघडून मी नवी पाती त्यांच्या हातात दिली. बोटं फिरवून बघितली, चाक फिरवून कानाशी धरलं. मग खाली ठेवलं आणि म्हणाले, दिलदारला पत्र लिहितीस न्हवं, मग माझं एक विचार. मी कागद घेतला. मला वाटलं, आता बेळगावचं काहीतरी सांगतील. मी थांबले.

त्यांनी विचारलं ते जसंच्या तसं लिहिते. "रस्ता वलांडताना गाडी किती लांब हाय, ते एका डोळ्यानं कळत न्हाय. त्याला म्हणावं, तू काय करतोस?"

उत्तर जोतीरामभाऊंच्या पत्त्यावर नको. घरच्याच पत्त्यावर पाठवा, त्यांच्या नावानं. मी वाचून दाखवीन.

मदिना